सहा यंत्रांचा एक राक्षस: डिव्हॅस्टेटरच्या निरनिराळ्या आवृत्त्या कशा पारखाव्यात

वणी ते घुग्घुस या कोळसापट्ट्यातल्या गावांत राहणाऱ्या माणसाला डिव्हॅस्टेटर हे खेळणे समजावून सांगावे लागत नाही. लोडर, बुलडोझर, पोकलेन, टिप्पर, क्रेन आणि काँक्रीट मिक्सर अशी सहा यंत्रे असतात, प्रत्येक यंत्राचा एक रोबो होतो आणि सहाही रोबो जोडले की एक अगडबंब राक्षस उभा राहतो. ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतला हा संच हॅस्ब्रो कंपनीने १९८५ साली बाजारात आणला, पण त्याचे मूळ साचे जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांचे होते. त्यानंतर हाच राक्षस अनेक कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने घडवला. संग्रहात एकच संच ठेवण्याइतकी जागा आणि ऐपत असणाऱ्या माझ्यासारख्या खेड्यातल्या माणसाला त्यांतला कोणता घ्यावा, हा प्रश्न खरोखर अवघड वाटतो. छायाचित्रांत सगळेच देखणे दिसतात, म्हणून ते हातात घेऊन कसे तपासावेत याची माझी पद्धत येथे मांडतो.

तुलना करण्यापूर्वी समोरचा संच कोणत्या जातीचा आहे हे ठरवून घ्यावे, कारण जात बदलली की अपेक्षाही बदलते. पहिली जात अधिकृत आवृत्त्यांची. हॅस्ब्रोने २०१५ साली ‘कंबायनर वॉर्स’ मालिकेत सहाही रोबो एकाच खोक्यात देणारा, जोडल्यावर १८ इंच म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर उंच होणारा डिव्हॅस्टेटर काढला. त्याच साच्यांवर बेतलेली टाकारा टोमीची आवृत्ती ‘युनाइट वॉरियर्स’ या नावाने आली आणि तिच्यात सुट्या रोबोंच्या हातांना कोपराचे सांधे देण्यात आले, जे हॅस्ब्रोच्या संचात नव्हते. दुसरी जात म्हणजे ज्यांना संग्राहक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात त्या कंपन्यांची. त्यांच्याकडे परवाना नसतो, म्हणून मूळ नाव वापरता येत नाही, पण आराखडा आणि साचे त्यांचे स्वतःचे असतात. टीएफसी टॉइजचा हर्क्युलिस, मेकटॉइजचा जायंट, जनरेशन टॉयचा ग्रॅव्हिटी बिल्डर आणि टॉयवर्ल्डचा कन्स्ट्रक्टर हे सगळे नाव बदललेले डिव्हॅस्टेटरच आहेत. तिसरी जात निव्वळ नकलेची: दुसऱ्याचे तयार खेळणे उचलायचे आणि त्यावरून तसाच किंवा लहानमोठ्या मापाचा साचा पाडायचा. दुसऱ्या जातीला परवाना नसला तरी तिच्यात कुणाची तरी बुद्धी खर्ची पडलेली असते, तिसरीत फक्त प्लास्टिक खर्ची पडते, असे माझे मत आहे. परवान्याचा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याने पहिल्या जातीबाहेर जाऊच नये.

साहित्य फारसे लागत नाही. स्टीलची फूटपट्टी, शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, किराणा दुकानातला ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा, बारीक चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर, घड्याळ आणि एक वही पुरेशी आहे. तुलनेचे दोन्ही संच एकाच दिवशी, एकाच टेबलावर आणि एकाच माणसाने हाताळावेत. आज एक आणि महिन्याने दुसरा अशी तुलना केली, तर आपण खेळण्यांची नव्हे, आपल्या आठवणींची तुलना करतो. रंग पाहण्यासाठी सकाळी अंगणात पांढरे धोतर किंवा चादर अंथरून त्यावर भाग मांडावेत. ट्यूबलाइटच्या उजेडात दोन संचांचे हिरवे रंग सारखे वाटू शकतात आणि बाहेर काढल्यावर एक पोपटी तर दुसरा गवती निघतो.

सुरुवात यंत्ररूपापासून करावी. येथे खेड्यातल्या माणसाला शहरी संग्राहकापेक्षा एक सोय अधिक आहे, कारण खरी यंत्रे रोज डोळ्यांसमोर असतात. खऱ्या पोकलेनच्या हाताला तीन ठिकाणी बिजागरी असते: मुख्य बूम जिथे यंत्राला जोडलेली असते तिथे, बूम आणि पुढचा दांडा यांच्यामध्ये, आणि दांडा व बकेट यांच्यामध्ये. शिवाय वरचा सगळा डोलारा पट्ट्यांवर गोल फिरतो. स्कॅव्हेंजर या रोबोच्या पोकलेनमध्ये या चारपैकी किती हालचाली होतात, ते प्रत्येक संचात मोजून वहीत लिहावे. माझ्याकडच्या एका संचावर मी महिनाभर खूष होतो, आणि सातवीतल्या पुतण्याने तो हातात घेताच विचारले, “काका, याची बकेट तं हालतच नाही, हा माती कशानं उचलते?” त्यानंतर मी यंत्ररूपाची तपासणी त्याच्यावरच सोपवली आहे. टिप्परचा डाला मागे उलटतो का, मिक्सरचा ड्रम फिरतो का, डोझरचे पाते वर उचलता येते का, आणि रोबोचे हातपाय यंत्राच्या पोटाखाली लोंबताना दिसतात का, एवढे पाहिले की यंत्ररूपाची पारख पूर्ण होते.

यानंतर रूपांतर. प्रत्येक रोबोचे रूपांतर तीन वेळा करावे आणि तिसऱ्या वेळी लागलेला वेळ लिहावा, कारण पहिल्या दोन वेळा आपण कागदावरचा क्रम शिकत असतो. अवघडपणा हा दोष नसून अडखळणे हा दोष आहे. एखादा भाग दुसऱ्या भागावर घासून रंग खरवडला जात असेल, एखादी खुंटी खोबणीत बसल्याचा ‘टक्’ आवाज येत नसेल किंवा एखादे झाकण बसवताना दुसरे निसटत असेल, तर त्या जागेची नोंद करावी. मेकटॉइजच्या जायंटची तुलना येथे निराळी ठरते. त्याच्या सहा यंत्रांना सुटे रोबोरूपच नाही, ती थेट राक्षसाचे अवयव होतात. ही सूट घेतल्यामुळे यंत्ररूप आणि राक्षसरूप यांच्याशी तडजोड कमी करावी लागते. म्हणून ज्या संचात तीन रूपे आहेत त्याच्याशी याला गुण देऊन तोलणे अन्यायाचे आहे. सुटे रोबो आपल्याला हवेत की नकोत, हे आधी ठरवावे आणि मगच हा संच तुलनेत घ्यावा.

सांध्यांवर मात्र सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण खेळण्याचे आयुष्य तिथेच ठरते. सांधे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक घर्षणाचा, ज्यात खुंटी भोकात घट्ट बसवलेली असते आणि तो कुठल्याही कोनात थांबतो. दुसरा दातांचा, म्हणजे रॅचेट, जो कर्र कर्र आवाज करत ठरावीक टप्प्यांवरच थांबतो. लहान रोबोच्या कोपराला घर्षणाचा सांधा चालतो, परंतु राक्षसाच्या खांद्याला, कमरेला आणि मांडीला रॅचेट असलेच पाहिजेत. पारंपरिक रचनेत हुक (क्रेन) आणि लाँग हॉल (टिप्पर) मिळून धड होते, स्क्रॅपर (लोडर) आणि मिक्समास्टर (काँक्रीट मिक्सर) पाय होतात, तर स्कॅव्हेंजर (पोकलेन) आणि बोनक्रशर (बुलडोझर) हात होतात. म्हणजे वरच्या तिघांचा भार टिप्पराच्या, अर्थात लाँग हॉलच्या, सांध्यांतून पायांत उतरतो. खरेदी करताना एकच रोबो उघडून पाहण्याची मुभा असेल, तर तो लाँग हॉलच असावा.

सांध्याची खरी परीक्षा अशी घ्यावी. राक्षस जोडून उभा करावा, एक हात खांद्यापासून आडवा म्हणजे ९० अंशांत धरावा आणि सोडून द्यावा. दहा मिनिटांनी कोनमापकाने कोन पुन्हा मोजावा. मग एक पाय अर्धे पाऊल पुढे टाकून तो तोल सांभाळतो का ते पाहावे. कमरेला धरून उचलल्यावर पाय गळून पडतात का, हेही पाहावे. शेवटची परीक्षा क्रूर वाटेल, पण घरात लहान मुले असतील तर ती कधी ना कधी होणारच आहे, मग आपल्या हातून गादीवर झालेली बरी.

मोठ्या मापाच्या नकलांविषयी येथे थोडे गणित सांगणे आवश्यक आहे. एखादी नक्कल मूळ खेळण्याच्या १.३ पट उंच केली आणि प्लास्टिकची जाडीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजन उंचीच्या घनाने वाढते, म्हणजे सुमारे २.२ पट होते. हात १.३ पट लांब झाल्याने खांद्यावर पडणारा पीळ त्याहून अधिक, सुमारे २.८६ पट होतो. घर्षणाच्या सांध्याची पकड मात्र त्याच मापाने मोठी केली तरी जेमतेम २.२ पट वाढते. म्हणजे जो सांधा मूळ मापात काठावर पास होता, तो मोठ्या मापात नापास होणारच. नकलेच्या जाहिरातीत उंचीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो तेव्हा हे गणित मांडावे आणि खांद्याला नवे रॅचेट दिले आहे का, एवढाच प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

नक्कल असूनही अस्सल म्हणून विकली जाण्याचा अनुभव मी घेतला आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका विक्रेत्याने मला अधिकृत म्हणून दिलेला संच मी घरी आणून वजन केला तेव्हा शंका आली, आणि फूटपट्टीने ती पक्की केली. तयार खेळण्यावरून साचा पाडला की प्लास्टिक थंड होताना आकसते. एबीएस या खेळण्यांच्या कडक प्लास्टिकमध्ये हे आकसणे साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे त्याच मापाची म्हणून पाडलेली नक्कल किंचित लहान भरते. २०० मिलिमीटरच्या भागात हा फरक सुमारे एक मिलिमीटर दिसतो. याखेरीज स्क्रूच्या भोकांभोवती पांढरट ताण, साच्याच्या कडेला राहिलेले पातळ पदर आणि डोळ्यांच्या रंगाचा कडेबाहेर गेलेला फराटा या खुणा पाहाव्यात. टाकारा आणि टोमी या कंपन्या २००६ साली एक झाल्या, म्हणून त्यापूर्वीच्या मालावर ‘टाकारा टोमी’ असे छापलेले असेल तर तो माल निःसंशय खोटा समजावा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. देशातल्या दुकानात अधिकृत म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या खोक्यावर ते नसेल, तर कारण विचारावे.

किंमत लावताना खोक्यावरचा आकडा हा अर्धाच हिशेब असतो. आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. त्यावर इतर कर आणि टपालखर्च चढतो. परदेशातून मागवलेला थर्ड पार्टी संच त्यामुळे जाहिरातीतल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट पडू शकतो. शिवाय असे अनेक संच एकेक रोबो करून विकले जातात, म्हणून सहाही मिळण्याची खात्री नसताना पहिला घेणे म्हणजे एका बैलासाठी गाडी घेणे होय.

आमच्याकडच्या हवेचाही विचार तुलनेत धरलाच पाहिजे. मे महिन्यात चंद्रपूर भागात पारा ४६ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या छताखालची खोली त्याहून तापते. एवढ्याने एबीएस वितळत नाही, पण पीव्हीसीचे मऊ भाग शेजारच्या रंगाला चिकटतात, स्टिकरच्या कडा उचलतात आणि उन्हात ठेवलेले फिकट भाग पिवळे पडतात. म्हणून स्टिकरऐवजी छापील रंग असलेल्या आवृत्तीला मी येथे एक गुण अधिक देतो. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावांत हवेत तरंगणारे तंतू आणि काळ्या मातीची धूळ रॅचेटच्या दातांत बसते, ती कोरड्या मऊ ब्रशनेच काढावी. आवळलेला सांधा सैल करण्यासाठी खोबरेल किंवा गाडीचे ऑइल मुळीच लावू नये, कारण अशा तेलांनी ताणाखालचे एबीएस तडकू शकते. सिलिकॉन तेलाचा थेंब पुरेसा होतो. सैल झालेल्या सांध्याच्या खुंटीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा आणि पूर्ण दिवसभर वाळू दिल्याखेरीज सांधा जोडू नये, नाहीतर तो कायमचा चिकटतो.

यावरून शेवटच्या आणि माझ्या मते निर्णायक कसोटीकडे येतो: संच उघडून पुन्हा जोडता येतो का? सुटा भाग मागवला तर तो येईलच याची खात्री नसते, आणि परत पाठवण्याचा खर्च भागाच्या किमतीहून जास्त होतो. म्हणून प्रत्येक रोबो उलटा करून स्क्रू आणि पिना मोजाव्यात. स्क्रूने धरलेला सांधा घरी उघडता येतो. ठोकून बसवलेली लोखंडी पिन काढताना भोवतीचे प्लास्टिक फुटण्याचा धोका असतो, आणि पारदर्शक प्लास्टिकमधली पिन तर काढूच नये. १९८५ च्या मूळ संचात डोके, मुठी आणि छातीचे भाग सुटे असत आणि तेच आधी हरवत. जुना संच विकत घेताना हे भाग मोजूनच पैसे द्यावेत. नव्या आवृत्तीतही राक्षसाच्या मुठी आणि तळपाय रोबोच्या अंगातच दडतात की पिशवीत ठेवावे लागतात, हे वहीत लिहून ठेवावे.

एवढे झाल्यावर दोन्ही राक्षस कपाटावर हात आडवे धरून पंधरा दिवस उभे ठेवावेत आणि मग कोनमापक पुन्हा लावावा. माझ्याकडच्या थर्ड पार्टी संचाचा उजवा खांदा ९० वरून ७० अंशांवर आला होता, तर हॅस्ब्रोचा २०१५ चा राक्षस जागचा हलला नव्हता. परंतु थर्ड पार्टीचा तो खांदा दोन स्क्रू काढून, नेलपॉलिश लावून मी एका दुपारी नीट केला. सुट्या रोबोंना कोपर असल्यामुळे शेवटी तोच संच मी ठेवला, आणि दुसरा, न वाकणाऱ्या हातांसकट, पुतण्याच्या कपाटात गेला.