मज्जारज्जूत पेशी रोपताय? या चुका टाळा

इजा केलेल्या रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) मज्जारज्जूत दुरुस्तीसाठी पेशी सोडल्या, आठ आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकासाठी काप काढले आणि हाती काहीच लागलं नाही, की पहिला संशय पेशींवर जातो. बॅच खराब असेल, पॅसेज (पेशी वाढवताना नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) जास्त झाले असतील. असंही होतं, पण त्याआधी, रोपणाच्या दिवशी जखमेत काय चाललं होतं ते तपासा.

दाह भरात असताना रोपण

इजेनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येतात आणि साधारण एका दिवसात त्यांची गर्दी टिपेला पोचते. मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि मायक्रोग्लिया (चेतासंस्थेतल्या तशाच पेशी) यांचा जोर सातव्या दिवसाच्या आसपास असतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा ही दाह वाढवणारी प्रथिनं चढलेल्या या काळात रोपलेल्या बहुतेक पेशी मरतात. चेता-मूळपेशी तगल्याच, तर चेतापेशी होण्याऐवजी ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) होण्याकडे झुकतात. फार थांबलात तर व्रण घट्ट होतो, पोकळी तयार होते. म्हणून रॅटमध्ये बरेच गट इजेनंतरचा दुसरा आठवडा निवडतात. जपानच्या केइओ विद्यापीठाने २०२१मध्ये पहिल्या रुग्णात आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे नेऊन केलेल्या मूळपेशींपासून) तयार केलेल्या पेशी रोपल्या, त्या चाचणीतही इजेनंतर १४ ते २८ दिवसांची मुदत होती. माऊसमध्ये (लहान उंदरात) मात्र रॅट किंवा माणसासारखी पोकळी होत नाही, त्यामुळे एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला जसंच्या तसं लावू नका.

आणि दाह सरसकट दाबायलाही जाऊ नका. मायलिनचा, म्हणजे चेतातंतूंवरच्या आवरणाचा, कचरा उचलतात ते मॅक्रोफेजच, आणि तो कचरा पडून राहिला तर ॲक्सॉनची (चेतातंतूंची) वाढ अडते.

हिरवं दिसलं म्हणजे पेशी जगली

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रोपलेल्या पेशी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यात आधी खूण घातलेली असते: रंग, बीआरडीयू (डीएनएत शिरणारी खूण) किंवा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन). मेलेली पेशी मॅक्रोफेज गिळतो आणि तिच्यातली ही खूण त्याच्या पोटात जाते. शिवाय मायलिनचा कचरा खाऊन फुगलेला मॅक्रोफेज लिपोफ्युसिन या साठलेल्या रंगद्रव्यामुळे मुळातच चमकतो, तोही हिरव्या आणि लाल दोन्ही चॅनेलमध्ये. जखमेच्या कडेला गोल, फेसाळ, फाटे नसलेल्या हिरव्या पेशींचा थर दिसला तर आनंद जरा आवरा. ज्या चॅनेलसाठी काहीच रंगवलेलं नाही, तो उघडून बघा. तिथेही तेच ठिपके असतील तर उत्तर मिळालं. इजा केलेल्या पण पेशी न दिलेल्या प्राण्याचा काप शेजारी ठेवा. मॅक्रोफेजची खूण असलेल्या सीडी६८सोबत रंगवा, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर झेड-स्टॅक (थराथराने चित्रं) घ्या. पेशी मानवी असतील तर फक्त मानवी केंद्रक ओळखणारी अँटिबॉडी वापरा. गिळलेला रंग सहसा केंद्रकाबाहेर ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. रंगलेलं केंद्रक अखंड आणि नीट आकाराचं असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे.

कंट्रोल अपुरे

फक्त द्रावण टोचलेला गट पुरेसा नाही. तितक्याच संख्येने मारलेल्या पेशींचाही गट ठेवा, कारण मेलेल्या पेशीही दाहाचं चित्र बदलतात. या गटातही चाल सुधारली तर ‘पेशी जोडल्या गेल्या’ हा दावा टिकत नाही. रोपलेल्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देत असाल तर कंट्रोललाही द्या. टॅक्रोलिमस स्वतःच चेतापेशींना काही अंशी वाचवतं. ही औषधं मुख्यतः टी पेशींना आवरतात, मॅक्रोफेजचा बंदोबस्त करत नाहीत.

ट्यूबमधल्या पेशी

सकाळी जिवंत पेशी मोजल्या आणि शेवटच्या प्राण्याची पाळी दुपारी आली, तर तो आकडा निकामी. शेवटचं इंजेक्शन झाल्यावर उरलेल्या पेशी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच निळं करणाऱ्या रंगाने) पुन्हा मोजा. सुई हळू रिकामी करा, काही मिनिटं तिथेच राहू द्या, मग काढा. नाहीतर पेशी सुईच्या वाटेने परत वर येतात.

मूत्राशय विसरणं

इजेनंतर सुरुवातीला रॅटला स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा हाताने दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं, रविवारीसुद्धा. ते राहिलं तर संसर्ग होतो, अंगभर दाह वाढतो, आणि ० ते २१ गुणांच्या बीबीबी या चाल जोखणाऱ्या चाचणीत प्राणी मागे पडतो. मग दोष बिचाऱ्या पेशींच्या माथी येतो. लघवीचा रंग, वजन आणि प्रतिजैविकं गटवार नोंदवा, आणि गुण देणाऱ्याला प्राणी कोणत्या गटातला आहे ते कळू देऊ नका.