सरकारी डेटा क्लाउडवर नेताना या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारच्या डेटा सेंटरला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं, त्यातली एक पेटली. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. बऱ्याचशा पुढे हळूहळू सुरू झाल्या, पण ‘जी-ड्राइव्ह’ गेला तो गेलाच. कामाचे कागद स्वतःच्या संगणकावर ठेवू नका, इथे ठेवा, असं सांगून कर्मचाऱ्यांना दिलेला हा सरकारी क्लाउड, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा दूरचा साठा. ८५८ टेराबाइट डेटा होता. साठा फार मोठा, म्हणून बाहेर कुठे बॅकअपच घेतलेला नव्हता.

२१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं तेव्हा आपल्याकडे जो तो म्हणत होता, नस्त्या (सरकारी फाइली) स्कॅन करून ठेवल्या असत्या तर? देजॉनला तर सगळं स्कॅनच्याही पुढचं, मुळातच डिजिटल होतं. तरी गेलं.

‘क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. क्लाउडवर डेटाची दोन ठिकाणी आपोआप कॉपी होते, हे खरं. पण कोणी चुकून फोल्डर उडवलं, तर ते उडवणंही दुसरीकडे तितक्याच इमानदारीनं कॉपी होतं. ती कॉपी झाली, बॅकअप नव्हे.

एका कार्यालयात रोज सकाळी बॅकअपचा मेल यायचा, हिरव्या अक्षरात ‘सक्सेस’. वर्षभरानं आम्ही हट्टानं रिस्टोर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणून पाहिलं. अर्जांची यादी झकास उघडली. अर्जदाराचं नाव, तारीख, आवक क्रमांक, सगळं जागेवर. जोडलेल्या दाखल्यावर क्लिक केलं की मात्र ‘फाइल सापडली नाही’. बॅकअप फक्त डेटाबेसचा होत होता. स्कॅन केलेल्या पीडीएफ वेगळ्या जागी होत्या आणि त्या कोणी यादीत घातल्याच नव्हत्या. मेल खोटं बोलत नव्हता. त्याला सांगितलेलं काम तो रोज करत होता.

म्हणून तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या क्लाउड अकाउंटमध्ये, जिथे पहिल्या अकाउंटच्या ॲडमिनला डिलीट करता येणार नाही. दर तिमाहीला कुठल्याही दहा फाइली परत आणून उघडा. हे काम वेंडरला, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीला, सांगू नका. त्या फाइली रोज हाताळणाऱ्या कारकुनाला बसवा. काय गायब आहे ते त्याला दोन मिनिटांत कळतं.

मालक कोण?

क्लाउडच्या मुख्य लॉगिनचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, ते आजच विचारा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तो वेंडरच्या इंजिनिअरच्या खासगी नंबरवर जायचा, आणि तो नोकरी सोडून गेला होता. क्लाउडचं अकाउंट पदनामाच्या सरकारी ईमेलवर काढा. बदली झाली की कपाटाच्या किल्ल्यांसारखी या लॉगिनचीही कार्यभार हस्तांतरणात नोंद करा.

‘सर्व्हर मुंबईत आहे, मग काळजी कशाची?’

डेटा देशातच राहावा ही मेघराज या केंद्र सरकारच्या क्लाउड योजनेखालची अट योग्यच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा कुठल्याही देशात असला तरी तिथली यंत्रणा कायदेशीर आदेश काढून तो मागू शकते. आणि मागण्याचं सोडा, सेवाच थांबली तर? जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं युरोपीय निर्बंधांमुळे नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाली. ही खासगी रिफायनरी होती. तिच्या जागी एखादा महसूल विभाग ठेवून पाहा.

संवेदनशील नोंदी एन्क्रिप्ट करा, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करा, आणि ती किल्ली स्वतःकडे ठेवा. किल्लीही त्याच कंपनीकडे ठेवली तर कुलूप लावून ती दारातच अडकवल्यासारखं आहे.

बाहेर पडायची वाट

टेंडरमध्ये डेटा वर कसा न्यायचा यावर पानंच्या पानं असतात. खाली कसा आणायचा? एक ओळ, तीही मोघम. १० टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायला, लाइन पूर्ण वेगानं अखंड चालली तरी, सव्वानऊ दिवस लागतात. बाहेर जाणाऱ्या डेटाचे बरेच पुरवठादार वेगळे पैसे लावतात. तो कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळेल, किती दिवसांत, बिल कोणाच्या माथी, हे वर्क ऑर्डरच्या आधी लिहून घ्या. नंतर तुमच्या हातात काही राहत नाही.

खिडकीपाशी

सेवा ‘९९.९ टक्के चालू’ राहील या पुरवठादाराच्या हमीतही वर्षाला पावणेनऊ तास बंद बसतात. तेही बिलातून थोडी सूट देऊन मिटतं, रांगेतल्या माणसाचा बुडालेला दिवस त्यात नसतो. शिवाय तालुक्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो, रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडलेली असते. इंटरनेटची दुसरी लाइन घ्याच. पण ती त्याच चरातून येत नाही ना, हे जागेवर जाऊन बघा.