रंगखात्यातील कामगाराने हातावरच्या चट्ट्याची वही कशी ठेवावी

सोलापुरात सूत रंगवणाऱ्या, ब्लीच करणाऱ्या आणि मागाला तेलपाणी करणाऱ्या कामगारांच्या हातांना खाज सुटली, भेगा पडल्या किंवा पाणी भरलेले बारीक फोड आले, की बहुतेक जण औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणतात. ती लावून चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिल्यासारखेच सुरू होते. ट्यूबमधल्या स्टिरॉइडने सूज दबते, पण ज्या पदार्थामुळे ती आली तो पदार्थ रोज हाताला लागतच राहतो. तो नेमका कोणता, हे शोधण्यासाठी लागणारी माहिती मुख्यतः कामगाराजवळच असते आणि लिहून ठेवली नाही तर डॉक्टरांसमोर बसल्यावर ती आठवत नाही. म्हणून चट्टा दिसताच एक लहान वही करावी.

वहीत रोज कामावरून आल्यावर दोन-तीन ओळी लिहाव्यात: आज कोणते काम केले, डब्यावरील रंगाचे पूर्ण नाव आणि क्रमांक काय होता, कॉस्टिक (तीव्र क्षार), सोडा, हायड्रो (रंग उतरवणारी रासायनिक पावडर) किंवा ब्लीचिंग पावडर हाताळली का, हातमोजे होते का, आणि त्वचा कशी होती. आठवड्यातून एकदा, त्याच जागी आणि त्याच उजेडात, हाताचा फोटो काढावा. नोंद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉस्टिकसारखा तीव्र पदार्थ त्वचेला लगेच किंवा काही तासांत जाळतो. ॲलर्जीचा चट्टा मात्र साधारणपणे एक ते तीन दिवसांनी उठतो. त्यामुळे आज खाज सुटली तर आजच्या रंगाला दोष देऊन मोकळे होऊ नये, मागच्या तीन दिवसांची पाने पाहावीत.

सुट्टीच्या दिवसांची नोंद सर्वांत मोलाची आहे, असे माझे मत आहे. एका दिवसाच्या सुट्टीत फारसा फरक दिसत नाही, परंतु गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेसाठी किंवा गावाकडच्या लग्नासाठी आठ-दहा दिवस काम बंद राहिले, त्या काळात हात सुधारले आणि कामावर परतल्यावर काही दिवसांत पुन्हा बिघडले, तर कारण कामाच्या जागी असण्याची दाट शक्यता असते. चट्ट्याची जागाही लिहावी. बोटांच्या बेचक्यांत तो असेल तर ओल्या कामाचा संशय येतो, तर पापण्या, चेहरा आणि मानेवर असेल तर हवेत उडणाऱ्या पावडरीचा. रिॲक्टिव्ह रंगाची (सुताशी रासायनिक बंध जोडून पक्क्या बसणाऱ्या रंगाची) पावडर कालवताना ती श्वासात गेल्याने काहींना दमाही होतो. म्हणून खोकला आणि छातीतली घरघर याच वहीत लिहावी आणि ती दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

हात कशाने धुतले, हे लिहायला लोक हमखास विसरतात. पाळी संपताना बोटांवरचा निळा-लाल रंग साबणाने निघत नाही, तेव्हा कामगार मूठभर ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रो घेऊन हात चोळतात. रंग उतरतो, पण त्याबरोबर त्वचेचा संरक्षक थरही खरवडला जातो आणि दुसऱ्या दिवशीचे रसायन अधिक सहज आत शिरते. ही सवय तातडीने थांबवावी. डाग दोन दिवस राहिला तरी चालेल. साधा साबण, भरपूर पाणी आणि हात कोरडे केल्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, एवढे पुरेसे आहे. कामावर नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरावेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते घामाने आतून भिजतात, म्हणून आत पातळ सुती मोजा घालावा आणि तो ओला झाला की बदलावा.

यानंतर मालकाकडे किंवा रंगाच्या दुकानदाराकडे त्या मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या सुरक्षिततेचे माहितीपत्रक, मागावी. तिचे १६ भाग असतात. त्यांपैकी दुसऱ्या भागात धोके, तिसऱ्यात घटक आणि आठव्यात संरक्षणाची साधने दिलेली असतात. दुसऱ्या भागातील संकेतांक वहीत उतरवावेत: एच ३१४ म्हणजे त्वचा गंभीरपणे जळणे, एच ३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी, एच ३३४ म्हणजे श्वासातून गेल्यास दमा, आणि एच ३५० म्हणजे कर्करोगाचा धोका.

वही, फोटो आणि शीट घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सिव्हिलमध्ये, म्हणजे सर्वोपचार रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे. ॲलर्जीची शंका असल्यास पॅच टेस्ट कोठे होईल हे तेथे विचारावे. या तपासणीत संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात पातळ करून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजू द्यायची नसते आणि घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून शक्य असल्यास ती थंडीत करून घ्यावी. स्टिरॉइडची गोळी किंवा मलम चालू असेल तर आधी सांगावे. कारखान्यातील रसायन घरीच त्वचेला लावून पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये. त्याने त्वचा भाजते आणि नसलेली ॲलर्जीही जडू शकते.

ही वही चट्टा बरा झाल्यावरही का ठेवावी, याचे उत्तर कर्करोग-संशोधनाच्या इतिहासात आहे. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषावरील त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो रुग्णांचा धंदा पाहूनच. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर लावून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करून दाखवला. इंग्लंडच्या सूतगिरण्यांत तेलाने भिजलेल्या कपड्यांत काम करणाऱ्यांनाही अंडकोषावरील त्वचेचा हाच कर्करोग झाला. आजही जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) पँटच्या खिशात काळे, तेलकट फडके दिवसभर मांडीला घासत असते. ते खिशात ठेवू नये, भिजलेले कपडे रोज बदलावेत, आणि महिनाभर न भरणारी जखम किंवा वाढणारा चामखीळ डॉक्टरांना दाखवावा.

रंगांच्या बाबतीत धोका त्वचेवरच थांबत नाही. १८९५ मध्ये जर्मनीतील लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचे मांडले. बेंझिडीनसारखी ॲरोमॅटिक अमाइन्स (काही रंग बनवताना लागणारी रसायने) त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात, यकृतात त्यांचे रूप बदलते आणि लघवीवाटे बाहेर पडताना ती मूत्राशयाच्या अस्तराला इजा करतात. त्यामुळे बिनलेबलचा, सुटा, स्वस्त रंग वापरू नये. रंगाच्या हाताने तंबाखू मळून तोंडात टाकणेही बंद करावे, कारण हातावरचे रसायन तंबाखूबरोबर पोटात जाते; तंबाखूचा स्वतःचा धोका आहेच, आणि विडी-सिगारेटने मूत्राशयाचा कर्करोगही होतो.

हा आजार संपर्कानंतर वीस-वीस वर्षांनीही उद्भवतो, तोवर काम सुटलेले असते आणि जुन्या रंगांची नावे कुणाला आठवत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंदणी होते, पण जुना धंदा रुग्णाने सांगितलाच नाही तर कोणत्याही डॉक्टरला तो कळणार नाही. काम सोडताना कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणते काम केले हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, वही कुठे ठेवली आहे हे घरच्यांना सांगावे, आणि लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखत नसले किंवा आपोआप थांबले तरी, ती वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.