मुलाचा मोबाइल कमी करायचाय? आधी घरातली पद्धत तपासा

मूल मोबाइल सोडत नाही म्हणून त्याला रागावण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: मोबाइल कधी मागितला आणि हातात कोणी दिला. आईवडील दोघंही नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करत असतील, तर घास भरवताना, स्वयंपाक होईपर्यंत, पाहुणे आले की आपणच तो पुढे करतो, हे वहीत दिसेल.

मग आपली पद्धत ओळखा. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन पद्धती मांडल्या: नुसता धाक, नुसते लाड, आणि माया ठेवून पाळलेला नियम. मुलाकडे लक्षच नसणं ही चौथी पद्धत पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत आली. धाक असेल तर मूल पांघरुणात लपून बघतं. लाडात रडून मिळवतं. लक्षच नसेल, तर त्याला सोबत स्क्रीनचीच. मला सर्वांत अवघड वाटतं ते एकाच घरात दोन पद्धती चालणं. आई नाही म्हणते, आजोबा हळूच देतात, आणि हट्ट धरला की मिळतं हे मूल पक्कं शिकतं. म्हणून आजी-आजोबांना सोबत घेऊनच नियम ठरवा.

नियम मोजके असू द्यात. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत, असं भारतातले बालरोगतज्ज्ञ सुचवतात. मोठ्या मुलांशी बसून बोला. झोप, खेळ, अभ्यास यांतून किती वेळ उरतो ते त्यांनाच मांडू द्या. जेवताना आणि झोपायच्या खोलीत फोन नाही, हे बाबांनाही लागू.

काढून घेतलेल्या वेळात काहीतरी द्यावंच लागतं. संध्याकाळी गोदापार्कवर सायकल, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, नाहीतर १८४० पासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर. पहिले काही दिवस चिडचिड होईल. तेव्हा जवळ बसा, पण फोन देऊ नका.

झोप उडाली, शाळा बुडू लागली, फोन काढताच मूल अंगावर धावू लागलं, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस या फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.