ड्यूक एलिंग्टन ऐकताना या चुका टाळा

अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःचा बँड चालवला, तोही जवळपास अखंड. 1920 च्या दशकात तो रेकॉर्डिंग करू लागला आणि 1974 मध्ये गेला. मधल्या काळात त्याने इतकं काही ध्वनिमुद्रित करून ठेवलं, की नवा श्रोता पहिल्याच आठवड्यात गोंधळतो. तक्रारी ठरलेल्या असतात. एकाच रचनेची डझनावारी रूपं दिसतात, त्यातलं कुठलं ऐकायचं? इतकं नावाजलेलं रेकॉर्डिंग कोंदट का येतं? लोक ज्या सॅक्सोफोनवाल्याचं कौतुक करतात, तो यात ऐकूच येत नाही, असं कसं?

या सगळ्यांवर उपाय एकच आहे: रचनेच्या नावाआधी तारीख पाहा आणि त्या दिवशी बँडमध्ये कोण होतं ते पाहा. एलिंग्टन पियानोवादक होता, तरी त्याचं खरं वाद्य म्हणजे त्याचा बँड. तो ट्रम्पेटसाठी लिहीत नसे, आपल्या ट्रम्पेटवाल्या कूटी विल्यम्ससाठी लिहीत असे. माणूस बदलला की रचना बदलायची.

नुसतं नाव शोधून ऐकायला लागणं

ही सगळ्यांत मोठी चूक. उदाहरणार्थ 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' घ्या. 1927 या एकाच वर्षात एलिंग्टनने ती तीन कंपन्यांसाठी रेकॉर्ड केली: एप्रिलमध्ये ब्रन्सविक, ऑक्टोबरमध्ये व्हिक्टर आणि नोव्हेंबरमध्ये ओके. पहिल्या दोन्हींत ट्रम्पेटवर बबर मायली आहे. ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी वाटी (प्लंजर) धरून, घशातून गुरगुरत वाजवण्याची शैली त्याचीच, आणि सुरुवातीच्या एलिंग्टन बँडचा चेहरा त्यानेच घडवला. ओकेच्या दिवशी मात्र मायली नव्हता, जॅबो स्मिथ वाजवायला आला होता. वादक तोही जबरदस्त, पण सूर मोकळा आणि बाज निराळा. नुसतं नाव टाकून शोधलं तर यातलं काहीही समोर येऊ शकतं.

ॲपवरच्या तारखांवर विसंबू नका. तिथे दिसणारं साल बहुतेक वेळा संकलन बाजारात आलं तेव्हाचं असतं. 2003 असं लिहिलेलं असतं आणि आत 1940 चं संगीत असतं. अल्बमच्या माहितीत रेकॉर्डिंगचा दिवस आणि वादकांची नावं दिली असतील तरच तो घ्या.

सुरुवात कुठून करायची? माझं मत पक्कं आहे: 1940 च्या मार्चपासून 1942 च्या उन्हाळ्यापर्यंतच्या व्हिक्टरच्या तबकड्या. टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर आणि बासवर जिमी ब्लँटन, म्हणून या संचाला ब्लँटन-वेब्स्टर बँड म्हणतात. त्यातली 6 मार्च 1940 ची 'को-को' शांतपणे, दोन-तीनदा ऐका.

लांबी तीन मिनिटांहून कमी. हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन तळाशी एकच सूर धरतो, खाली ड्रम. मग हुआन तिझोलचा ट्रॉम्बोन एक छोटा वाक्यांश टाकतो आणि सॅक्सोफोन त्याला उत्तर देतात. बारा बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) एक आवर्तन झालं. पुढची दोन आवर्तनं 'ट्रिकी सॅम' नँटनची: प्लंजर लावलेला ट्रॉम्बोन, जवळजवळ माणसाच्या तोंडून निघणारे स्वर. मग खुद्द एलिंग्टनचा पियानो, चालू सुरांवर तिरके, बोचरे स्वर फेकणारा. त्यानंतर पितळी वाद्यं जमाव करून येतात, मग सगळा बँड थांबून थांबून ब्लँटनच्या बासला जागा देतो आणि शेवटी सगळे मिळून तुटून पडतात. एकूण सात आवर्तनं, प्रत्येकात ताण आधीपेक्षा चढा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्या कानाला हे बंधन नवं नाही. थोडक्या वेळात पूर्ण आकार उभा करणं काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

वादकांच्या जाण्यायेण्याच्या दोन तारखा लक्षात ठेवा. 1940 च्या नोव्हेंबरात कूटी विल्यम्स बेनी गुडमनकडे गेला आणि त्याच्या जागी रे नान्स आला. तो अगदी नवा असतानाच, 7 नोव्हेंबरला, नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या नृत्यगृहात जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी उचलून नेता येईल अशा यंत्रावर अख्खी रात्र रेकॉर्ड केली. स्टुडिओबाहेर हा बँड कसा पेटायचा, ते तिथे कळतं. दुसरी तारीख 1951 ची. त्या वर्षी सॅक्सोफोनवाला जॉनी हॉजेस, ट्रॉम्बोनवाला लॉरेन्स ब्राउन आणि ड्रमर सॉनी ग्रीअर एकदम बाहेर पडले. हॉजेस 1955 मध्ये परतला. त्यामुळे 1953 च्या 'सॅटिन डॉल'मध्ये त्याचा आल्टो सॅक्सोफोन शोधत बसू नका, तो तिथे नाही.

फक्त 'ड्यूक एलिंग्टन' या नावाखाली शोधणं

1920 च्या आणि 1930 च्या दशकात बँड वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगवेगळ्या नावांनी वाजवायचा. द वॉशिंग्टनियन्स, द जंगल बँड, द हार्लेम फूटवॉर्मर्स, द हूपी मेकर्स ही सगळी त्याच मंडळींची नावं. 'मूड इंडिगो'ची पहिली रेकॉर्डिंग 1930 च्या ऑक्टोबरातली आणि तीही अशाच नावांखाली. ती ऐकताना सुरुवातीला तीन वाद्यांवर कान ठेवा. क्लॅरिनेट वर, ट्रॉम्बोन खाली, असा नेहमीचा शिरस्ता. इथे ट्रम्पेट वर, ट्रॉम्बोन मध्ये आणि क्लॅरिनेट सगळ्यांत तळाशी, खर्जात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही नेमकी कुठली वाद्यं आहेत तेच ओळखू येत नाही.

1936 च्या अखेरीपासून हॉजेस, कूटी विल्यम्स, रेक्स स्ट्यूअर्ट आणि बार्नी बिगार्ड यांच्या नावांवर निघालेल्या छोट्या संचांच्या तबकड्याही याच घरातल्या. 'कॅराव्हान' पहिल्यांदा 1936 च्या डिसेंबरात बिगार्डच्या नावावर आली.

सगळं एलिंग्टननेच रचलं असं समजणं

'कॅराव्हान'ची मूळ सुरावट पोर्तो रिकोच्या तिझोलची. बँडची ओळख ठरलेली 'टेक द ए ट्रेन' एलिंग्टनचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नची, आणि ती ओळख का ठरली याचं कारण ऐकण्यासारखं आहे. 1 जानेवारी 1941 पासून पैशांच्या वादामुळे अमेरिकी रेडिओ केंद्रांनी ॲस्कॅप या रचनाकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेच्या सभासदांच्या रचना वाजवणं बंद केलं. एलिंग्टन सभासद होता, त्यामुळे स्वतःच्याच रचना त्याला रेडिओवर वाजवता येईनात. स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टनचा मुलगा मर्सर सभासद नव्हते. त्या अडचणीतून या दोघांचं संगीत पुढे आलं आणि 15 फेब्रुवारी 1941 ला 'ए ट्रेन' तबकडीवर उतरली. ट्रम्पेटवर रे नान्स.

जुन्या तबकड्यांवर रचनाकारांत अर्व्हिंग मिल्सचं नाव दिसतं. तो व्यवस्थापक आणि प्रकाशक होता. तेव्हाच्या धंद्यात प्रकाशकाचं नाव असं जोडलं जायचं, त्यावरून सूर कुणाचे हे ठरवू नका.

न्यूपोर्ट 1956 चा जुना अल्बम जसाच्या तसा मैफलीचा मानणं

7 जुलै 1956 ची न्यूपोर्ट महोत्सवातली रात्र गाजली ती पॉल गोन्साल्विसमुळे. 1937 च्या 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या दोन भागांना जोडताना त्याने टेनर सॅक्सोफोनवर सलग सत्तावीस आवर्तनं वाजवली आणि लोक खुर्च्या सोडून नाचू लागले. बँडचे दिवस तेव्हा वाईट चालले होते. या रात्रीने एलिंग्टन पुन्हा वर आला, पुढच्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला.

गडबड तबकडीत आहे. महोत्सवासाठी लिहिलेल्या नव्या रचनेची तालीम पुरेशी झाली नव्हती, म्हणून कोलंबियाने दोन दिवसांनी बँडला स्टुडिओत बोलावलं, बरेच भाग पुन्हा वाजवून घेतले आणि वर टाळ्या चिकटवल्या. गोन्साल्विसची सत्तावीस आवर्तनं खरी मैफलीतलीच, पण तो व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओच्या मायक्रोफोनमध्ये वाजवत होता आणि कोलंबियाचा मायक्रोफोन बाजूला राहिला. म्हणून जुन्या अल्बमात तो लांबून ऐकू येतो, हेडफोन बदलून काही उपयोग नाही. 1999 ची दोन सीडींची आवृत्ती घ्या. तिच्यात व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडल्यावर दोन्ही टेपा जुळवल्या आहेत, त्यामुळे गोन्साल्विस समोर येतो.

गोन्साल्विस हे आडनाव पाहून तो गोव्याचा, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तो मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला, घराणं केप व्हर्दे बेटांवरचं. तिथेही पोर्तुगीज सत्ता होती, आडनाव तिथून आलं.

आवाज खराब म्हणून रेकॉर्डिंग सोडून देणं

आधी फोनचा स्पीकर बंद करा. त्यावर ब्लँटनचा बास आणि कार्नीचा खर्ज येतच नाही, आणि 1940 च्या बँडमधून हे दोघे वजा केले तर फार थोडं उरतं. साधे वायरवाले हेडफोनही पुरतात.

तरीही आवाज कोंदट असेल तर कुणीतरी खरखर पुसताना संगीतही पुसलं आहे. खरखरीबरोबर झांजांची धार जाते, प्लंजरमधली हवा जाते. थोडी खरखर ठेवलेली आवृत्ती शोधा, पाच मिनिटांत कान ती विसरतो. 1960 च्या दशकातल्या काही एलपींवर जुन्या मोनो रेकॉर्डिंगला कृत्रिम स्टिरिओ केलेलं असतं. आवाज पोकळ आणि घुमणारा वाटला तर कारण हेच. मोनोच घ्या. याला एक अपवाद मात्र अस्सल आहे. 1932 च्या फेब्रुवारीत व्हिक्टरने काही मेडली (एकापाठोपाठ गुंफलेल्या रचना) दोन मायक्रोफोन आणि दोन यंत्रं लावून टिपल्या होत्या. त्या दोन वेगळ्या तबकड्या 1980 च्या दशकात जुळवल्या तेव्हा खरा स्टिरिओ निघाला, तेही 1932 मधला. तो जरूर ऐका.

वेगाची चूक सहसा लक्षात येत नाही. जुनी तबकडी उतरवताना वेग सहा टक्क्यांनी चुकला तर सगळं अर्ध्या सुराने वर किंवा खाली जातं. 'को-को' काळी दोनमध्ये आहे. घरात पेटी असेल तर काळी दोनचा सा धरा आणि कार्नीचा सुरुवातीचा धरलेला सूर त्याच्याशी लावून पाहा. पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लागला, तर ती प्रत बाजूला ठेवा.

1942 ते 1944 ची पोकळी न समजणं

1 ऑगस्ट 1942 ला अमेरिकी वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंग बंद पाडलं. व्हिक्टरशी समझोता व्हायला 1944 चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या याच काळात, 23 जानेवारी 1943 ला, एलिंग्टनने कार्नेगी हॉलमध्ये 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' सादर केली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारी जवळजवळ पाऊण तासाची ही रचना. समीक्षकांनी तिला झोडपलं, आणि एलिंग्टनने त्यानंतर ती पुरी वाजवणं सोडून दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. 1944 च्या डिसेंबरातल्या व्हिक्टरच्या तबकड्यांत तिचे तुकडे आहेत. 1958 च्या अल्बमात महालिया जॅक्सन गायली आहे, तिचं 'कम संडे' अप्रतिम आहे, पण तिथे मूळ रचनेचा पहिलाच भाग नव्याने मांडला आहे. पूर्ण रचना हवी असेल तर 1943 ची कार्नेगी मैफलच ऐका. 1977 मध्ये ती प्रकाशित झाली. आवाज ओबडधोबड आहे, तरी तीच घ्या.

'फार ईस्ट स्वीट'मध्ये सतार शोधणं

1963 च्या शरदात अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनच्या बँडला दौऱ्यावर पाठवलं. दमास्कसपासून सुरुवात झाली, भारतात दिल्ली, मुंबई आणि इतर शहरांत कार्यक्रम झाले. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात होता. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि तुर्कस्तानातून दौरा गुंडाळावा लागला. त्या अनुभवांतून निघालेला 'फार ईस्ट स्वीट' (स्वीट म्हणजे अनेक तुकड्यांची माळ) हा अल्बम 1966 च्या डिसेंबरात रेकॉर्ड झाला.

'आग्रा' आणि 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' ही नावं वाचून आपला श्रोता राग आणि तबला शोधू लागतो आणि निराश होतो. पाहिलेल्या देशांच्या संगीताची नक्कल एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्नने मुद्दाम टाळली. 'ब्लूबर्ड'मध्ये जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर येणारी लकेर दिल्लीत ऐकलेल्या मैनेची, बाकी सगळा बँड आपल्या न्यूयॉर्कच्या बोलीत बोलतो. 'आग्रा'मध्ये मोठा भार कार्नीच्या बॅरिटोनवर आहे, 1927 पासून बँडमध्ये असलेल्या त्याच कार्नीच्या. आणि 'इस्फहान' ऐकताना इराण डोळ्यांपुढे आणायची गरज नाही. स्ट्रेहॉर्नने ती दौऱ्याआधीच, दुसऱ्या नावाने लिहून ठेवली होती. तिथे लक्ष द्यायचं ते हॉजेसकडे. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना तो जी मींड घेतो, ती आपल्या कानांना कुणी समजावून सांगावी लागत नाही.