अमेरिकेचं सरकार समजून घेताना या चुका टाळा

अमेरिकेची बातमी वाचताना आपण नकळत दिल्लीचं गणित लावतो. राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधान, सिनेटला राज्यसभा आणि गव्हर्नरला राज्यपाल समजून मोकळे होतो. या तिन्ही जोड्या चुकीच्या आहेत.

सगळ्यात महागात पडते ती पहिली. आपल्याकडे लोकसभेचा विश्वास गेला की पंतप्रधानांना जावं लागतं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मात्र ४ वर्षांसाठी वेगळा निवडून येतो. काँग्रेसची (तिथल्या कायदेमंडळाचं हे नाव) दोन्ही सभागृहं विरोधकांकडे गेली, तरी त्याची खुर्ची हलत नाही. त्याच्या मंत्र्यांना सभागृहात बसता येत नाही. जॉन केरी २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा त्यांना सिनेट सोडावी लागली.

पैशाचंही तसंच. आपल्या लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर सरकार पडेल. तिथे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर खर्चाला मंजुरी मिळाली नाही, तर राष्ट्राध्यक्ष जागेवरच राहतो आणि कार्यालयांना टाळी लागतात. हेच ‘शटडाउन’. डिसेंबर २०१८ मध्ये अनेक खाती बंद पडली, ती ३५ दिवसांनी उघडली.

‘महाभियोग मंजूर’ असा मथळा दिसला की राष्ट्राध्यक्ष गेला असं धरू नका. ४३५ सदस्यांचं प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने फक्त आरोप ठेवतं. खटला १०० सदस्यांच्या सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. जॉन्सन (१८६८), क्लिंटन (१९९८) आणि ट्रम्प (२०१९, २०२१) यांच्यावर महाभियोग आला, पण एकही राष्ट्राध्यक्ष दोषी ठरला नाही. जॉन्सन तर एका मताने वाचले.

राष्ट्राध्यक्षाने आदेशावर सही केली म्हणजे कायदा झाला, हाही गैरसमज. अशा आदेशाला घटनेचा किंवा काँग्रेसच्या कायद्याचा आधार लागतो. तो नसेल तर काय होतं, हे १९५२ मध्ये दिसलं: संप टाळण्यासाठी ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं.

राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची १. सिनेटमध्ये राज्य लहान असो वा मोठं, प्रत्येकाच्या २. सिनेटच्या संमतीशिवाय मंत्री आणि न्यायाधीश नेमता येत नाहीत. राज्यसभेला असा अधिकार नाही.

उरला गव्हर्नर. तो थेट लोकांतून निवडून येतो आणि त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं असतं. राष्ट्राध्यक्ष त्याला काढू शकत नाही, राष्ट्रपती राजवटीसारखी तरतूदही नाही. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं: ड्रायव्हिंग लायसन्स आणि लग्नाचा दाखला राज्याच्या कायद्याने मिळतो, तर व्हिसा आणि ग्रीन कार्ड हा संघ सरकारचा विषय. ग्रीन कार्डचा अर्ज रखडला तर गव्हर्नरकडे खेटे घालू नका. तुमच्या भागाच्या प्रतिनिधीगृह सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयाला लिहा. संबंधित खात्याकडे चौकशी करणं हे त्या कार्यालयांचं नेहमीचं काम आहे.