या चुका टाळा: नाशिकच्या परसबागेत उन्हाळी भाज्यांची तयारी

जानेवारी संपत आला की नाशिकमध्ये दुपारी स्वेटर उतरतो आणि भेंडी, काकडी, दोडक्याच्या बियांची पाकिटं घरात यायला लागतात. घाई नडते ती इथेच. दुपारचं ऊन ३० अंशांकडे सरकलेलं असलं तरी पहाटे पारा १० च्या आसपास उतरतो, निफाडकडे तर त्याहून खाली. भेंडी आणि वेलभाज्यांचं बी नीट उगवायला माती साधारण २० अंशांच्या वर असावी लागते. गार आणि ओल्या मातीत ते नुसतं फुगतं आणि कुजतं. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असं म्हणतात, पण इतकंही थांबायची गरज नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून जमिनीत पेरायला हरकत नाही. गच्चीवरच्या कुंड्या थोड्या आधी तापतात.

मात्र टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं जानेवारीतच ट्रेमध्ये करायला घ्या. टोमॅटोचं रोप महिनाभरात लावणीला येतं, मिरची दीड महिना घेते. उलट टोकाची चूक म्हणजे मार्च उलटल्यावर जागं होणं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जमिनीतले हौद) उघडतात, तोवर वेल मंडपाशी पोहोचलेले हवेत. चाळिशीच्या उन्हात कोवळी रोपं जगवणं फार जिकिरीचं.

बी उगवलंच नाही तर लगेच पुन्हा पेरू नका. दहा-बारा दिवसांनी एखादं बी उकरून पाहा. मऊ पडून वास येत असेल तर गारवा किंवा जास्त पाणी. जसंच्या तसं कडक असेल तर ओल पोहोचलेली नाही. भेंडी रात्रभर, कारलं पूर्ण दिवसभर भिजवून मग लावा. बी जागेवरच नसेल तर मुंग्या, उंदीर किंवा चिमण्या.

वाफसा न पाहता कुदळ मारणं

आपली काळी माती ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा. खोदायची वेळ या दोन्हींच्या मधली, म्हणजेच वाफसा. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाहीत, आणि बंगल्याच्या मागच्या चार वाफ्यांनाही तोच नियम लागू. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर खणा, चपटा होऊन चिकटला तर दोन दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या मातीची ढेकळं सगळा उन्हाळा फुटत नाहीत.

माती भुसभुशीत व्हावी म्हणून तीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. काळ्या मातीत थोडीशी वाळू म्हणजे वाळल्यावर वीट. तिला मोकळं करतं ते कुजलेलं खत आणि पालापाचोळा, आणि तेही एका हंगामात नाही.

नव्या वसाहतींत अडचण निराळी. बिल्डरने भरावाला मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा टाकलेला असतो, वर चार इंच माती. लावणीआधी फूटभर खोल खड्डा घेऊन पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथे खोदत बसू नका, उंच वाफे करा.

चुना, राख आणि अंड्याची टरफलं

मातीत या तिन्ही गोष्टी घालायचा सल्ला बहुधा कोकणातून किंवा परदेशी व्हिडिओतून आलेला असतो. आम्लधर्मी मातीला चुना लागतो. नाशिकच्या काळ्या मातीत तो मुळातच भरपूर, सामू (pH) सहसा ७.५ च्या पुढे. त्यात बोअरचं जड पाणी. वर आणखी चुना किंवा चुलीची राख पडली की झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या, तर हेच झालंय. युरिया टाकून ते हटत नाही. शेणखत वाढवा आणि तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड (झाडाला शोषता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी करा. टरफलांचं म्हणाल तर अशा मातीत ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेक वेळा मातीतल्या कॅल्शियमच्या तुटवड्याने नव्हे, अनियमित पाण्याने: चार दिवस कोरडं आणि मग धो धो.

कच्चं शेण

गोठ्यातून आणलेलं ताजं शेण थेट वाफ्यात घालू नका. ते कुजताना तापतं, मुळं भाजतात, शिवाय त्यातून हुमणी येते. खणताना अर्धवर्तुळात वळलेली जाड पांढरी अळी दिसली तर ती वेचूनच काढा, पुढे तीच मुळं खाते. खत चांगलं कुजलं की काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला शेणाचा वास उरत नाही. असं खत चौरस मीटरला दोन-तीन किलो आणि सोबत मूठभर निंबोळी पेंड पुरे. निर्माल्याचं खत छान, फक्त हारांतले दोरे आणि जरी आधी काढा.

ट्रेमधली रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडत असतील तर पाणी कमी करा, दाटी विरळ करा आणि पुढच्या पेरणीआधी मातीत ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळा.

जानेवारीच्या सावलीवरून जागा ठरवणं

हे फारसं कोणी सांगत नाही. जानेवारीत नाशिकला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पाच फुटी कुंपणाची सावली उत्तरेला चारेक फूट पडते. एप्रिलच्या अखेरीला तो जवळपास डोक्यावर येतो आणि तीच सावली फूटभरही उरत नाही. म्हणजे आज जो कोपरा सावलीतला म्हणून तुम्ही पालक-कोथिंबिरीला दिलात, तो उन्हाळ्यात भट्टी होतो आणि कोथिंबीर हाताएवढी व्हायच्या आत फुलोऱ्यावर येते. तिथे वेल लावा. पालेभाजी मंडपाखाली किंवा इमारतीच्या पूर्वेला, जिथे दुपारनंतर सावली असते.

मंडप बी लावण्याआधीच बांधा. नंतर खड्डे घेताना मुळं तुटतात.

आणि वेलाला पहिली फुलं येऊन गळाली म्हणून औषधाच्या दुकानात धावू नका. ती बहुतेक नर फुलं असतात आणि गळणारच. मादी फुलामागे बारीक फळ दिसतं. तेच पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. हाताने पराग लावायचे तर त्या त्या वेळेला.